मंजूर जागी आढळून आले नाही

त्या खात्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मी जे बोलते ते ऐकून आमची मांजर माडावर चढते. एवढंच सांगते की मालवणहून एसटीने दीड तास जायचं, मग एक पिवळी इमारत, तिचा दुसरा मजला, आणि तिथे गंगाराम भाऊसाहेब नावाचे कारकून. तीन वर्षं मी तो जिना चढले नि उतरले. तीन वर्षांत माझं मराठी एवढं शुद्ध झालं की बाजारात गिऱ्हाइकाला मी "कृपया माशाला बोट लावू नये" म्हणायला लागले. शेजारच्या बायका पदर तोंडात धरून हसायच्या.

मी सुगंधा कुबल, वेळणे गावची. गाव खाडीच्या काठाला. आमच्या अकरा जणींचा बचत गट, मी त्याची अध्यक्ष, आणि आमचा धंदा मासे सुकवायचा. म्हणजे वाळूत. वाळूत मासे सुकवणं काय असतं ते ऑफिसातल्या खुर्चीत बसून कळायचं नाही. सकाळी मीठ लावलेले बांगडे, ढोमे, जवळा पसरायचा, दिवसभर कावळे नि कुत्री हाकत उन्हात बसायचं, दर तासाने कंबर मोडून सगळं परतायचं. त्यात नोव्हेंबरात कुठून तरी ढग येतो. मग अकराही जणी पदर खोचून धावतो, पण ढग आमच्यापेक्षा जोरात धावतो. सुकत आलेला मासा एकदा भिजला की गेला माडाच्या मुळात. आणि न भिजता सुकला तरी खाणाऱ्याच्या दाताखाली वाळू. गिऱ्हाईक विचारायचं, "वाळू पण किलोच्या भावानंच देता काय?" काय उत्तर देणार, कपाळ!

आमचे हे, सहदेव, मुंबईला अठरा वर्षं पावभट्ट्या बनवायच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तसे घरी आले. बोलणं कमी. घरातलं बोलण्याचं खातं माझ्याकडे. एकदा दुपारी मी वाळूत वाकलेली असताना हे कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मी म्हटलं, "बघतास काय? हात लावा." हात लावला नाही, घरामागे जाऊन पत्रे ठोकायला लागले. दोन महिने ठोकत होते. मी रोज शिव्या घातल्या.

मग एक पेटी तयार झाली, हे तिला ड्रायर म्हणायचे. लांब, पत्र्याची, आतून काळी रंगवलेली, वर काचेचं झाकण, खाली हवा घ्यायला भोकं, टोकाला धुराडं, आत मासे ठेवायच्या जाळ्या. ऊन काचेतून आत जातं, पत्रा तापतो, गरम हवा माशांवरून फिरून धुराड्यातून निघून जाते. वीज नाही, लाकूड नाही, कावळा नाही. वाळूत तीन दिवस घेणारा बांगडा दीड दिवसात सुकला. मी तो भाजला, खाल्ला, चावून चावून बघितला. वाळू नाही. हे दुसरीकडे बघत होते, पण कान माझ्याकडे.

"बरो झालो," मी म्हटलं.

त्या दिवशी हे पेजेची दोन ताटं जास्त जेवले.

योजनेचं कात्रण गावातल्या धोंडूकाकांच्या सुनेने, यशोदाने आणलं. ती आमच्या गटातली. सूर्याच्या उन्हावर चालणाऱ्या नव्या यंत्रांना सरकारी अनुदान. गटाने अर्ज करायचा, नमुन्याचं एक यंत्र उभं करायचं, समिती येऊन ते चालताना बघणार, आणि पसंत पडलं की तसलीच दहा सरकारी पैशाने. एक आहेच, दहा आली की अकरा. अकरा बायका, अकरा ड्रायर, आणि वाळूतलं वाकणं कायमचं बंद. मला वाटलं देवानेच जुळवून दिलं. देवाचं पुढे सांगते.

पहिल्याच दिवशी गंगाराम भाऊसाहेबांनी अर्जावर बोट ठेवलं. "संशोधकाची शैक्षणिक पात्रता, सातवी?"

"हो."

"बाई, सातवी पास माणूस संशोधन कसं करेल?"

"मग काय करू, नवऱ्याला परत आठवीत घालू?"

ते हसले नाहीत. कागदाच्या कडेला लिहिलं, 'चर्चा करावी'. कोणी कोणाशी करावी ते लिहिलं नाही. त्या चर्चेत आठ महिने गेले. नंतर निघालं की यंत्र उन्हावर चालतं, तेव्हा त्या जागी ऊन पडतं याचा दाखला पाहिजे. मी तलाठ्याकडे गेले. तलाठी चांगला माणूस, त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग वर आकाशाकडे, मग लिहून दिलं, 'सदर जागी सूर्यप्रकाश पडतो, मी समक्ष पाहिले आहे.' खाली शिक्का. तो कागद घेऊन येताना एसटीत मला एकटीलाच हसू येत होतं आणि रडू पण. सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात, ते म्हणणारा बिचारा सुखी होता, त्याचं सहा महिन्यांत झालं असणार.

सगळ्यात मोठा घोळ मी माझ्याच तोंडाने केला. भाऊसाहेबांनी विचारलं, "हे यंत्र उचलता येतं का?" मी फुशारकीने म्हटलं, "चार बायका उचलतो की! पाऊस आला की पडवीत."

"अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे फिरतं यंत्र. फिरत्या यंत्राला अनुदान नाही. चौथरा बांधा, सिमेंटमध्ये पक्कं बसवा, जागेचा सातबारा जोडा. मंजूर जागेवरून ते हलता कामा नये."

यांना सांगितलं तर हे त्या रात्री जेवले नाहीत. उचलता येणं हीच तर त्यातली हुशारी होती. तरी बांधला चौथरा. घरामागे खाडीच्या काठावर उंचवटा आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन, तिथे जांभ्याचा चौथरा, वर सिमेंट, सिमेंटात बोल्ट, बोल्टाला ड्रायर. आता चार बायका सोडा, चार हत्ती आणले तरी हलणार नाही. त्याच चौथऱ्याने पुढे आमचा गळा धरला.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात पत्र आलं. समिती बारा डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता वेळण्याला येणार. अर्जदार बाईने जातीने हजर राहून यंत्र चालवून दाखवायचं. हे पत्र यांनी चार वेळा वाचलं, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी काच पुसायला बसले ते रोज पुसायलाच लागले. समितीला अजून तीन आठवडे होते. मी म्हटलं, "काच झिजात." ऐकतंय कोण!

आणि आठवड्यात देवळात ढोल वाजला.

आमच्या गावात गावपळण आहे. तीन-चार वर्षांनी देवदिवाळी झाली की देवाला कौल लावतात, देवाने दिवस दिला की अख्खा गाव घरंदारं टाकून शिवेबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. खाडीच्या पलीकडे झावळ्यांचे मांडव घालून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. त्यात कोणी पाऊल ठेवायचं नाही, एखादी सुई विसरली तरी आणायला जायचं नाही. चौथ्या दिवशी परत कौल घेऊन यायचं. माझ्या सासूच्या सासूच्या आधीपासून असंच आहे, आणि खरं सांगते, मला ते आवडतं. बारा महिन्यांची कामं तीन दिवस बंद असतात.

पण देवाने दिवस दिला तो रविवार, दहा डिसेंबर. दहा, अकरा, बारा. आणि ड्रायर सिमेंटात घट्ट, उचलून पलीकडे न्यायची सोय नाही.

मी तरातरा घरी आले. "देवाक दुसरे दिवस नाय गावले?"

"वगी रव," हे मला गप्प करत म्हणाले. "देवाक कोणी पत्र दाखवल्यानी?"

मी धोंडूकाकांकडे गेले. ते गावचे जुने मानकरी, कौल घेताना पुढे उभे असतात. पडवीत सुंभ वळत बसले होते. मी सगळं सांगितलं, दोन दिवस पुढे जाईल काय विचारलं. काकांनी सुंभ खाली ठेवला. "बाये, देवान दिल्यान तां दिल्यान. आता जाऊन तेका काय सांगू, साहेब येतासा म्हणान तू जरा थांब?"

दुसऱ्या दिवशी पिवळी इमारत.

"भाऊसाहेब, चौदा तारीख करा. नाही तर पंधरा."

"दौरा वरून ठरतो, बाई. वरून." त्यांनी बोट छताकडे केलं.

"आमचा पण वरूनच ठरतो."

त्यांनी एक जाडं पुस्तक काढलं. "पाहणी पुढे ढकलायची कारणं तीन. पूर, आग, साथीचा रोग. देवाने गाव बाहेर काढला असा रकाना नाही."

"मग साथीचा रोग लिहा!"

"दाखला लागेल."

ते घाटावरचे, त्यांना गावपळण म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि खरं तर मनाने वाईटही नव्हते. आवाज खाली करून म्हणाले, "हे बघा, बाराला समितीने यंत्र चालताना बघितलं नाही तर फाइल बंद. मार्चमध्ये योजनाच संपतेय. तुम्ही तासभर एकट्याच जाऊन थांबा ना तिथे. कोण बघतंय?"

शिरा पडो त्यांच्या तोंडावर. तो किडा त्यांनी माझ्या डोक्यात सोडला आणि तो बाहेर निघेना.

घरी यांना मी काही बोलले नाही. बोलले असते तर यांनी मांडवाच्या खांबाला मला बांधून ठेवलं असतं. देवाच्या बाबतीत यांच्याशी मस्करी चालत नाही. आणि मला तरी भीती नव्हती असं नाही. देव काय करील ते देव जाणे, पण गावपळणीत सुगंधा गावात राहिली हे कळलं, तर पुढे वर्षभर कोणाची होडी उलटली, कोणाचं पोर तापाने फणफणलं, कोणाची म्हैस आटली, सगळी बोटं माझ्याकडे. तोंडावर कोणी बोलणार नाही. विहिरीवर माझी घागर बघून बायका आपली मागे घेतील, तेवढंच. ते मला जमलं नसतं. पण तीन वर्षं वाट बघून आता रोज काच पुसणारा माणूसही मला बघवत नव्हता.

रविवारी सगळे निघालो. घरातल्या पिंपात मी मीठ लावलेले बांगडे ठेवले, वर दगड. यांनी विचारलं, "ह्यां कित्याक?" मी म्हटलं, "येऊन सुकवूक." पलीकडे मजाच होती. मांडव पडले, चुली पेटल्या, म्हाताऱ्या गजाली मारत बसल्या, मुली फुगड्या घालत होत्या. मी हसत होते नि भाकऱ्या थापत होते नि मनात भरती-ओहोटीच्या वेळा मोजत होते.

मंगळवारी फाटफटीला, उजाडता उजाडता, यांना म्हटलं, "आवस आजारी आसा म्हणान निरोप इलो. म्हायेराक जाऊन येतंय."

"आजच?" हे म्हणाले. "आज समिती येतली."

"गावात कोण नाय तर समिती येऊन काय बघतली? तुमीच सांगा तेंका काय तां."

मी मालवणच्या वाटेने निघाले, वळणावर गेले, तिथून खाली खारफुटीत उतरले. ओहोटी होती. कासोटा मारून, गुडघाभर चिखलातून, पोटऱ्या कापून घेत पलीकडे चढले.

रिकामा गाव तुम्ही कधी बघितलाय? कुत्रं भुंकत नाही, कोंबडा आरवत नाही, कुठे चूल नाही की खोकला नाही. स्वतःच्या बांगड्या वाजल्या तरी मी दचकत होते. देवळाच्या दिशेने हात जोडून म्हटलं, "म्हाराजा, चुकी झाली तर माझ्या पदरात घाल, गावाच्या नको." मग पिंपावरचा दगड उचलला. दहा वाजेपर्यंत बांगडे जाळ्यांवर लावून झाले, काच झाकली, पत्रा तापला, धुराड्यावर हात धरला तर चटका बसला. अगदी झकास चाललं होतं. मी पदर नीट केला आणि चौथऱ्याच्या मागे बसून राहिले.

माझा हिशोब सोपा होता. मालवणचा रस्ता पलीकडच्या मांडवांवरून येतो आणि पूल ओलांडून गावात शिरतो. समिती पुण्याची. त्यांना ना गावपळण माहीत ना शीव. गाडी सरळ आत येणार, यंत्र बघणार, जाणार. परक्या माणसाला गावाचा नियम लागत नाही, मांडवातले लोक नुसते बघत राहतील. सगळ्याचा विचार मी केला होता.

अकरा वाजता पांढरी गाडी दिसली. मांडवांजवळून आली, पुलाकडे वळली, आणि पुलाच्या पलीकडच्याच टोकाला थांबली.

थांबली ती थांबलीच. दार उघडलं, पांढरी टोपी घातलेले एक साहेब उतरले, मागून दोघे. गाडीचा ड्रायव्हर पण उतरला आणि हात हलवून काही सांगायला लागला. त्याची ती हात हलवायची तऱ्हा बघितली आणि मी ओळखलं. गाडी भाड्याची होती. मालवणची. ड्रायव्हर आपल्यातला! आपल्यातला माणूस मेला तरी गावपळणीत शिवेच्या आत चाक घालणार नाही. साहेबांचा, देवाचा, नवऱ्याचा, भरती-ओहोटीचा विचार केला, आणि ड्रायव्हरचा केला नाही. मी माझ्याच कपाळावर हात मारून घेतला.

मांडवातले लोक गाडीभोवती जमले. निळा शर्ट दिसला, म्हणजे हे. साहेब इकडे बोट दाखवत होते. ओरडावं तर सगळा गाव ऐकेल, उभं राहावं तर सगळा गाव बघेल. आणि तेवढ्यात मला सुचलं. मी चौथऱ्यामागे वाकून काचेचं झाकण धरलं नि उघडलं, झाकलं, उघडलं, झाकलं. उन्हाची तिरीप थेट पलीकडे जात होती. बघा हो बघा, म्हटलं, इथे आहे, चालतंय, तुमच्या त्या मंजूर जागेवरच आहे!

साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. बघितलं! मी अजून जोरात झाकण हलवलं. निळा शर्ट साहेबांसमोर उभा राहिला. धोंडूकाकांचा फेटा पुढे आला. आणि मग पाण्यावरून मोठा आवाज आला, सगळ्या मांडवाचा मिळून:

"व्हय म्हाराजा!"

आमच्याकडे शुभकार्याला जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे सगळे त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मला वाटलं, झालं! साहेबांना पटलं, काकांनी यंत्रासाठी गाऱ्हाणं घातलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी वळली, धूळ उडाली, गेली. मी तिथेच बसून तापलेल्या पेटीला हात लावून नमस्कार केला.

संध्याकाळी ओहोटीला परत आले. हे मांडवाबाहेर बसले होते.

"आवशीक बरा आसा?"

"बरा आसा. समिती इली?"

"इली. शंकर ड्रायव्हर गाडी आत घालूक तयार नाय. हंयसूनच गेले."

"मगे? काय म्हणाले?"

"कळवतले." हे माझ्या पायांकडे बघत होते. "पायाक चिखल लागलोहा. धू आधी."

माहेरी जाऊन आलेल्या बाईच्या पोटरीपर्यंत खाडीचा चिखल कसा, हे काही या माणसाने विचारलं नाही. मला वाटलं, भोळा आहे.

फेब्रुवारीत भाऊसाहेबांनी मला अहवाल वाचून दाखवला. चष्मा पुसला, दोनदा खाकरले. "'सदर यंत्र मंजूर जागी आढळून आले नाही. समोरील काठावर काचेसदृश वस्तू चमकताना दिसल्याने विचारणा केली असता, अर्जदार यांचे पती व उपस्थित ग्रामस्थ यांनी ते केवळ खाडीचे पाणी असल्याचे एकमुखाने सांगितले. यंत्र अद्याप तयार झाले नसल्याचेही पती यांनी स्पष्ट केले. सबब फाइल बंद करण्यात येत आहे.'"

"परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी परत वाचलं. म्हणाले, "बाई, नवऱ्यानेच नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार?" पहिल्यांदाच त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

दीड तासाच्या एसटीत मी शिव्या जुळवत आले. घरात पाय टाकला तो फुटलेच. "पाणी? तां पाणी? तीन वर्सां मी जिनो चढलंय तो पाण्यासाठी? सातवी पास म्हणान तेणी नाक मुरडला तेव्हा मी तेंच्यावांगडा भांडलंय, आणि तुमी सांगतास यंत्रच नाय? तुमच्या तोंडातसून निघाला कसा?"

हे विळ्याला धार लावत होते. विळा खाली ठेवला.

"काच उघडझाप करी होती," म्हणाले. "साहेब म्हणालो, कोणीतरी हलवता. सगळो गाव बाजूक उभो. यंत्र म्हटलंय असतंय तर पुढे इचारल्यानी असता, हलवता कोण?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"माका सकाळीच दिसला. तुझी तिरीप. वाटला, हीच बांगडे लावता थंय."

"मगे वाऱ्यान हलता म्हणूचा होता!"

यांनी थोडा वेळ विचार केला. खरंच विचार केला. "सुचूक नाय," म्हणाले.

सुचलं नाही! मी कपाळ बडवून घेतलं. पावभट्टीच्या डोक्यातून ड्रायर सुचतो, आणि वारा सुचत नाही. माणसाला किती शिव्या घालाव्यात? मग मला त्या अहवालातला शब्द आठवला. एकमुखाने. यांनी पाणी म्हटलं ते समजलं, पण बाकीच्यांनी का म्हटलं? तशीच चपला घालून धोंडूकाकांच्या पडवीत जाऊन उभी राहिले. काका सुंभच वळत होते.

"काका, त्या दिवशी साहेबाक पाणी कित्याक सांगलास?"

"पाणीच होता," काका म्हणाले. सुंभाला दोन पीळ दिले. "आंधळो नाय गो मी. सगळ्यांक दिसला. यशोदा म्हणाली, बांगडेय लावल्यानहा वाटता, धुराड्यार हवा हलता."

"आणि कोणी काय बोलूक नाय?"

"काय बोलतले? तुझो घोव पाणी म्हणालो. तां म्हणताना मी तेचा तोंड बघलंय. आपल्या हातान केलेला, त्या मोठ्या साहेबासमोर, नाय म्हणालो. तेका आमी एकट्याक कसो सोडतलो? मी म्हटलंय, पाणीच तां. पाठीमागसून सगळ्यांनी म्हटल्यानी, व्हय म्हाराजा."

मला काही बोलता येईना. मला, म्हणजे बघा.

"नंतर देवाक गाऱ्हाणा घातलंय," काका म्हणाले. "तुझ्या नावान नारळ दिलोहा, त्याचा काय तां आता देव बघात. पण पुढच्या खेपेक आत रवतलंस तर त्या काचेर आधी गोणपाट घाल. लय लांबसून दिसता."

घरी आले तेव्हा हे चौथऱ्यावर चढून ओल्या फडक्याने काच पुसत होते. आत यशोदाचे ढोमे होते, त्या आठवड्यात पाळी तिची होती. एका ड्रायरवर अकरा जणी पाळ्या लावून बसलोय, बाकीचे मासे आहेत तिथेच, वाळूत.

"काय म्हणालो धोंडूकाका?" यांनी वळून न बघता विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. "तुमचा पाणी बरा चमकता म्हणालो."

फडकं क्षणभर थांबलं. मग हे परत पुसायला लागले, आणि मी पदर खोचून वाळूतले बांगडे परतायला गेले.